दोन अँटेना लावले तरी स्ट्रीम एकच! म्युच्युअल कपलिंग, कोरिलेशन आणि आपलं मोकळं शिवार

केळीबाग_रावेर
राम राम मंडळी. आधी मांडणी सांगतो, मग प्रश्न.

सावदा-रावेर पट्ट्यातलं केळीचं पॅकहाऊस, छत पत्र्याचं. टॉवर दोनेक किलोमीटरवर. छतावर चढलं की साध्या डोळ्यांनी दिसतो, मधे नुसती केळी. फोर-जी राउटर कॅटेगरी ४ चा, मागे बाहेरचे अँटेना जोडायचे दोन एसएमए पोर्ट. छतावर चुंबकाच्या बैठकीचे दोन उभे काडी-अँटेना, एकमेकांपासून ८ सेंटीमीटरवर. प्रत्येकाला एलएमआर-२०० ची १० मीटर केबल. बँड ३, म्हणजे १८०० मेगाहर्ट्झ, २० मेगाहर्ट्झचा कॅरिअर.

राउटरच्या पानावर आरएसआरपी (सिग्नलची ताकद) उणे ८८, एसआयएनआर (गोंगाट-गडबडीच्या तुलनेत सिग्नल, डेसिबलमधे) १८, रँक (एकाच वेळी चालणारे स्ट्रीम, म्हणजे डेटाचे स्वतंत्र प्रवाह) कायम १. पहाटे चारला टॉवर रिकामा असतानाही वेग ५०-५५ मेगाबिटच्या वर जात नाही. दुकानदार म्हणतो, दोन अँटेनांत अर्धी तरंगलांबी अंतर ठेवलं की कोरिलेशन संपतं. १८०० ला पूर्ण तरंगलांबी १६.७ सेंमी, म्हणजे ८ सेंमी बरोबरच आहे. मग अडतंय कुठं?

आरएफ_भुसावळ
दुकानदार खोटं बोलत नाहीये. त्याचा नियम शहरातला आहे, तो तुम्ही शिवारात लावलाय.

आधी एक घोळ मिटवू. कपलिंग आणि कोरिलेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कपलिंग म्हणजे एका अँटेनाची ऊर्जा हवेतून शेजारच्या अँटेनाच्या पोर्टात किती शिरते. हा त्या दोन अँटेनांचा, त्यांच्या अंतराचा आणि खालच्या पत्र्याचा गुण. बंद खोलीतही मोजता येतो, टॉवर लागत नाही. कोरिलेशन म्हणजे दोन पोर्टांवर आलेले सिग्नल एकमेकांची किती नक्कल करतात. त्यात अँटेना येतात तसा आजूबाजूचा परिसरही येतो. लाटा कुठून कुठून येतात हे माहीत नसेल तर कोरिलेशनचा आकडा सांगताच येत नाही.

अर्ध्या लॅम्डाचा (तरंगलांबीचा) नियम क्लार्कच्या मॉडेलातून आलाय. लाटा चहूबाजूंनी सारख्याच येतात असं धरलं, तर अंतराप्रमाणे कोरिलेशन बेसेलच्या शून्य क्रमाच्या फलनासारखं घसरतं. ०.३८ लॅम्डाला पहिल्यांदा शून्य होतं, ०.५ ला उणे ०.३०. त्याचा वर्ग ०.०९, म्हणजे छानच. जळगावच्या फुले मार्केटात हातातल्या मोबाइलला हे लागू पडतं, कारण तिथं भिंती, शटर, गाड्या, सगळीकडून लाटा आपटून येतात.

तुमच्याकडे सगळा सिग्नल एकाच दिशेनं, अरुंद पट्ट्यातून येतोय. कोनाचा फैलाव ५ अंश धरा. मग कोरिलेशन साधारण असं येतं:

अर्ध्या लॅम्डाला, म्हणजे ८ सेंमीला: ०.९६
दोन लॅम्डाला, ३३ सेंमी: ०.५५
तीन लॅम्डाला, ५० सेंमी: ०.२६

फैलाव २ अंशच असेल, आणि टॉवर दिसतोय म्हणजे तसाच असणार, तर तीन लॅम्डालाही ०.८ राहतं. ०.९६ म्हणजे दोन अँटेना नाहीतच, एकच अँटेना दोन तोंडांनी बोलतोय.

चाळीसगाव_लोकल
मग ८ सेंमीऐवजी दोन मीटर अंतर ठेवू द्या की. पॅकहाऊसचं छत काही लहान नसतं.

आरएफ_भुसावळ
फैलावाचा थोडा फायदा मिळेल, पण थेट किरणाचं काय? थेट दिसणाऱ्या मार्गावर नुसत्या अंतराच्या जोरावर दोन स्ट्रीम वेगळे काढायचे, तर टॉवरवरच्या दोन अँटेनांचं अंतर आणि आपल्याकडचं अंतर यांचा गुणाकार तरंगलांबी गुणिले टॉवरचं अंतर भागिले दोन एवढा लागतो. ०.१६७ गुणिले २००० भागिले २, म्हणजे १६७ चौरस मीटर. टॉवरवर एक मीटर अंतर धरलं तर तुमचा दुसरा अँटेना १६७ मीटरवर, शेजाऱ्याच्या बागेत!

शिवाय टॉवरच्या पॅनेलमधे अँटेनांचे ते दोन संच एकाच जागी असतात. एक अधिक ४५ अंशांत तिरपा, दुसरा उणे ४५ अंशांत. तिथं अंतरच नाही, फरक आहे तो पोलरायझेशनचा, म्हणजे लाटेचं विद्युत क्षेत्र कुठल्या बाजूला तिरपं आहे त्याचा. समोरच्यानं जो फरक ठेवलाय तोच आपण वापरायचा.

अमळनेरी
काय भो, म्हणजे दोन्ही काड्या उभ्या ठेवल्या म्हणून दोन्हींना एकच ऐकू येतं. बठ्ठं समजनं.

सर्किटवाला
पोलरायझेशनचं पटलं. पण ८ सेंमीवर कपलिंगही भरपूर आहे, ते विसरू नका.

पुस्तकी आकडे घ्या. अर्ध-तरंग डायपोल, शेजारी शेजारी उभे. स्वतःचा इम्पीडन्स ७३ अधिक जे ४२.५ ओहम. अर्ध्या लॅम्डा अंतरावर म्युच्युअल इम्पीडन्स उणे १२.५ उणे जे ३०. पाव लॅम्डावर सुमारे ४१ उणे जे २८. रिअॅक्टन्स ('जे' वाला भाग) काढून ७३ ओहमला जुळवलं, तर एस२१ (एका पोर्टातून दुसऱ्यात किती जातं, म्हणजे कपलिंगचा आकडा) अर्ध्या लॅम्डाला उणे १३ डेसिबलच्या आसपास आणि पाव लॅम्डाला उणे ९ च्या आसपास येतो. म्हणजे ५ टक्के आणि १२ टक्के शक्ती शेजाऱ्याच्या पोर्टात जाते.

आणि हे फक्त बँड ३ चं. नेटवर्कनं बँड ५ वर, म्हणजे ८५० वर ढकललं, की तेच ८ सेंमी पाव लॅम्डाहूनही कमी होतात. तिथं एस२१ उणे ६-७ मिळाला तर नवल नाही. उणे ६ म्हणजे पाव शक्ती गेली. अंतर नेहमी सगळ्यात खालच्या बँडवरून ठरवायचं.

गिरणाकाठ
इथं एक उलटी गोष्ट आहे, ती बहुतेकांना खटकते. कपलिंगमुळे कोरिलेशन *वाढतंच* असं नाही. अँटेना जवळ आणले की दोघांचे पॅटर्न एकमेकांना ढकलतात. एकाचा डावीकडे झुकतो, दुसऱ्याचा उजवीकडे. म्हणून चहूबाजूंनी लाटा असतील तेव्हा मोजलेलं कोरिलेशन क्लार्कच्या आकड्यापेक्षा कमीसुद्धा निघतं. पण हा फायदा फुकट मिळत नाही. कार्यक्षमता घसरते, दोन्ही पोर्टांवर सिग्नलच कमी येतो. नुसतं कोरिलेशन पाहून खूश होणाऱ्यानं एस२१ पण बघावा.

केळीबाग_रावेर
गिरणाकाठ ताई, आमच्या इथल्या एका पोराकडे नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) आहे. त्यावर कोरिलेशन मोजता येईल का?

गिरणाकाठ
आधी मॉडेल बघा. जुना छोटा नॅनोव्हीएनए ९०० मेगाहर्ट्झपर्यंतच धड चालतो, पुढे हार्मोनिकवर कसाबसा १५०० पर्यंत. तुम्हाला १८०० आणि २३०० (फोर-जीचा आणखी एक बँड) हवं, म्हणजे व्ही-२ लागेल, तो ३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो.

एस-पॅरामीटरवरून एन्व्हलप कोरिलेशन, म्हणजे ईसीसी काढायचं सूत्र आहे. (एस११ म्हणजे पहिल्या पोर्टातून परत फिरणारा भाग, एस२२ दुसऱ्यातून, एस१२ म्हणजे उलट दिशेचा एस२१.) वरती: एस११ ची संयुग्मी गुणिले एस१२, अधिक एस२१ ची संयुग्मी गुणिले एस२२, या बेरजेच्या मापाचा वर्ग. खाली: १ वजा एस११ चा वर्ग वजा एस२१ चा वर्ग, गुणिले दुसऱ्या पोर्टाचं तसंच पद. नॅनोव्हीएनए एका बाजूनंच मोजतो, म्हणून एस२२ साठी केबली उलट लावून पुन्हा स्वीप घ्यायचा.

सममित जोडी घेऊन, सगळ्यात वाईट फेज धरून करून बघा. एस११ आणि एस२१ दोन्ही उणे १० डेसिबल: ईसीसी ०.०६. दोन्ही उणे ६: ईसीसी थेट १. मोबाइलच्या दुनियेत ०.५ च्या खाली चालतं म्हणतात, काटेकोर लोक ०.३ धरतात.

आता यातला खड्डा. हे सूत्र बिनानुकसानीच्या अँटेनासाठी आणि चहूबाजूंच्या लाटांसाठीच आहे. वरची ईसीसी १ वाली टाकाऊ जोडी घ्या आणि प्रत्येक अँटेनाला ३ डेसिबल नुकसानीची केबल जोडून केबलच्या टोकाला मोजा. सिग्नल केबलमधून जाऊन परत येतो, म्हणून एस११ उणे ६ चा उणे १२ दिसतो. एस२१ दोन्ही केबलींतून जातो, तोही उणे १२ दिसतो. सूत्रात टाका: ईसीसी ०.०२! अँटेना तसूभर बदलला नाही. केबल जितकी भिकार, तितका कागदावरचा निकाल झकास.

तुमच्या १० मीटर एलएमआर-२०० चं १८०० ला नुकसान ४.७ डेसिबल आहे. राउटरच्या टोकाला मोजलंत तर एस२१ खऱ्यापेक्षा ९.४ डेसिबल चांगला दिसेल. म्हणून ओपन-शॉर्ट-लोड-थ्रू कॅलिब्रेशन केबलच्या *अँटेनाकडच्या* टोकाला करा. त्याहून सोपं म्हणजे लांब केबल काढून अर्ध्या मीटरच्या जंपरनं छतावरच मोजा. मोजताना माणसं दोन मीटर लांब, आणि केबल हातात धरायची नाही.

सर्किटवाला
+१. बाजारातल्या बऱ्याच स्वस्त मायमो (एकाहून जास्त अँटेना-स्ट्रीमच्या) अँटेनांच्या डब्यावर 'ईसीसी ०.०१' लिहिलेलं असतं, त्यातलं निम्मं श्रेय आतल्या पातळ केबलला.

चाळीसगाव_लोकल
तिरप्याच्या ऐवजी एक उभा आणि एक आडवा लावला तर? लावायला सोपं पडतं. टॉवर ४५ अंशांत आहे म्हणजे प्रत्येकात निम्मीच शक्ती येईल का?

आरएफ_भुसावळ
नाही. प्रत्येक अँटेनाला दोन्ही स्ट्रीमचा निम्मा-निम्मा वाटा मिळतो, एकूण बेरीज तेवढीच. चॅनेलचा मॅट्रिक्स फक्त ४५ अंशांत फिरतो आणि रिसीव्हर तो परत सोडवतो. कागदावर दोन्ही मांडण्या सारख्या.

फरक पडतो तो जमिनीमुळे आणि केळीमुळे. उभं आणि आडवं पोलरायझेशन पानांतून, ओल्या मातीवरून, पत्र्यावरून सारखं येत नाही. एक पोर्ट सशक्त, दुसरा अशक्त होतो. तिरपे लावले की दोघांच्या वाट्याला येणारं नुकसान साधारण सारखं राहतं. म्हणून ४५.

गिरणाकाठ
पत्र्याचं मी जरा ताणून सांगते, कारण या धाग्यातली खरी गोम तिथंच आहे असं मला वाटतं. तिरपे अँटेना लावले पण पत्र्याला चिकटवून लावले, तर सगळं मुसळ केरात.

धातूच्या पृष्ठभागालगत आडवं विद्युत क्षेत्र टिकत नाही. पत्र्यावरून परावर्तित झालेली आडवी लाट उलटी होऊन येते आणि थेट लाटेला मारते. उभी लाट मात्र टिकते. आता अधिक ४५ म्हणजे उभं अधिक आडवं, उणे ४५ म्हणजे उभं वजा आडवं. आडवं गेलं की दोघांकडे काय उरलं? उभंच. दोन तिरपे अँटेना पुन्हा एकमेकांची नक्कल करायला लागले. व्हीएनएवर एस२१ उणे २५ दिसेल, आणि राउटर तरी रँक १ दाखवेल. कपलिंग आणि कोरिलेशन वेगळे असल्याचा याहून स्वच्छ पुरावा नाही. अशा ठिकाणी व्हीएनएची तक्रार शून्य असते.

पत्र्याच्या कडेपासून टॉवरच्या बाजूला, आणि पत्र्याच्या वर किमान दीड-दोन मीटर घ्या. शक्यतो छताच्या टॉवरकडच्या कडेलाच पाइप उभा करा, म्हणजे समोर पत्रा येतच नाही.

केळीबाग_रावेर
मग आता यादी सांगा. काय काय आणू?

सर्किटवाला
दोन मार्ग आहेत. एका डब्यातला दुहेरी तिरपा पॅनेल अँटेना घेतला तर आत अधिक-उणे ४५ चे दोन संच असतात, आयसोलेशन (दोन संचांतलं वेगळेपण) साधारण २५ डेसिबल, लावायला सोपा. नाहीतर दोन लॉग-पिरिऑडिक (लहान-मोठ्या काड्यांचे, एकाच दिशेला बघणारे अँटेना), ७०० ते २७०० वाले. तुमचं नेटवर्क बँड बदलत असेल तर मी दुसरा मार्ग घेईन.

दीड इंची जीआय पाइप, छताच्या वर तीन मीटर. वरती ५०-६० सेंटीमीटरची आडवी पट्टी, दोन टोकांना एकेक अँटेना, एक घड्याळात दीड वाजल्यासारखा तिरपा, दुसरा साडेदहा वाजल्यासारखा. दोन्ही बूम (काड्या धरणाऱ्या दांड्या) टॉवरकडे समांतर. लॉग-पिरिऑडिकचं *लहान* काड्यांचं टोक टॉवरकडे, हे उलटं लावलेले खूप दिसतात. पाइप अँटेनाच्या मागे हवा, काड्यांच्या मधून नको. काटकोनात तिरपे असल्यानं अंतर ५० सेंमी पुरतं, फक्त काड्या एकमेकींना लागू देऊ नका.

केबल एलएमआर-४००, १० मीटरला १८०० वर १.९ डेसिबल. म्हणजे नुसत्या केबलीत २.८ डेसिबल वाचले. पण ही केबल बोटाएवढी जाड आणि ताठ असते, थेट राउटरच्या एसएमएला लावली तर पोर्ट उखडतो. मधे ३० सेंमीचा पातळ पिगटेल (जोडकेबल) टाका. आणि पिगटेल साधा एसएमए मागा. वायफायवाला आरपी-एसएमए दिला तर आटे बसतात, पण आत दोन भोकं समोरासमोर येतात, पिनच नसते. राउटरला वाटतं अँटेना आहे, सिग्नल मात्र थेंब थेंब.

वीजरोधक प्रत्येक केबलीला वेगळा, गॅस ट्यूबचा, आणि पाइपला अर्थिंग. सातपुड्याच्या पायथ्याला मे-जूनमधल्या वादळात हे ऐच्छिक समजू नका.

अमळनेरी
दोन्ही केबली अगदी सारख्या लांबीच्या लागतात ना? नाहीतर फेज चुकते असं ऐकलंय.

आरएफ_भुसावळ
इथं नाही. फेजचा फरक चॅनेलच्या अंदाजात आपोआप सामावतो, दोन मीटरचा फरक राउटरला कळतही नाही. *नुकसान* सारखं हवं, एवढंच. दोन पोर्टांत दहाएक डेसिबलचा फरक पडला की कोरिलेशन शून्य असूनही दुसरा स्ट्रीम मरतो.

यातच आणखी एक हमखास चूक बसते: एक अँटेना सावद्याच्या टॉवरकडे, दुसरा रावेरच्या टॉवरकडे. 'दोन्हीकडचं मिळेल' हा हिशेब. राउटर एका वेळी एका कॅरिअरवर एकाच सेलशी बोलतोय. दुसऱ्या अँटेनाला त्या सेलचं उष्टंपाष्टं मिळतं आणि शेजारच्या टॉवरची गडबड जास्त. दोन्ही एकाच टॉवरकडे.

चाळीसगाव_लोकल
एवढं करून मिळणार किती?

आरएफ_भुसावळ
फॉशिनी-गॅन्स १९९८, टेलातार १९९९ या शोधनिबंधांतला तोच क्षमतेचा सूत्रपाठ. एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) २० डेसिबल धरा, बिट प्रति सेकंद प्रति हर्ट्झमधे: एकेरी अँटेना ६.७, दोन अँटेना पण पूर्ण कोरिलेटेड ७.७, दोन अँटेना आणि स्ट्रीम स्वच्छ वेगळे १३.३. जवळपास दुप्पट.

एसएनआर ० डेसिबल असेल तर हेच आकडे १, १.५८ आणि २. म्हणजे सिग्नल दुबळा असताना कोरिलेशनचा त्रास फार नाही, दोन अँटेना मिळून नुसता सिग्नल वाढवतात तेच कामाचं. तोरणमाळकडच्या दरीत एसआयएनआर ३ असेल तर आधी उंची आणि गेन (अँटेनाची एका दिशेचा सिग्नल गोळा करायची ताकद) बघा, पोलरायझेशनचा विचार नंतर. तुमच्याकडे १८ आहे, म्हणून कोरिलेशन बोचतंय. कॅटेगरी ४ ला २० मेगाहर्ट्झमधे दोन स्ट्रीमची कमाल १५० मेगाबिट, एका स्ट्रीमची ७५. तुमचे ५५ या एका स्ट्रीमचेच आहेत.

अमळनेरी
आणि फाइव्ह-जीत तर ६४ अँटेना एकाच फळीत असतात. तिथं कपलिंग नसतं का?

सर्किटवाला
असतंच. ३.३ ते ३.६ गिगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी ४.२ ते ४.५ सेंमी, त्याच अंतरावर ओळी लावतात. तिथं शेजाऱ्यांचं कोरिलेशन उलट हवंच असतं, त्याशिवाय बीम बनत नाही. वेगळे स्ट्रीम पोलरायझेशनमधून आणि वेगवेगळ्या दिशांच्या ग्राहकांमधून काढतात. कपलिंग कॅलिब्रेशननं सांभाळतात, पण बीम खूप तिरपा वळवला की काही कोनांवर शक्ती बाहेर न जाता परत फिरते. त्यावर वेगळा धागा काढा, इथं भरकटेल.

केळीबाग_रावेर
दोन लॉग-पिरिऑडिक, एलएमआर-४००, कडेला पाइप, सगळं वर लिहिल्याप्रमाणे लावलं. आता पोर्ट १ चा आरएसआरपी उणे ७९, पोर्ट २ चा उणे ९१. एसआयएनआर २१. रँक १ आणि २ मधे उड्या मारतोय.

गिरणाकाठ
१२ डेसिबलचा फरक पोलरायझेशनचा नाही, कुठंतरी काहीतरी तुटलंय. राउटरकडचे पिगटेल आपसांत बदला. कमकुवतपणा पोर्ट २ वरच राहिला तर राउटर. पोर्ट १ वर सरकला तर छतावर जाऊन अँटेनाकडची टोकं बदला. त्यानंतर तो केबलीसोबत राहिला तर केबल, अँटेनासोबत गेला तर अँटेना. दर वेळी दोन मिनिटं थांबा, आकडा स्थिर होऊ द्या.

केळीबाग_रावेर
केबलीसोबत राहिला. एन-कनेक्टर उघडला तर जाळीची एक तार आतल्या पिनेपाशी वळलेली. नवीन क्रिंप केला. उणे ७९, उणे ८१. रँक २ टिकतोय, दुपारी ९०, पहाटे १२०. फक्त अपलोड जुनंच आहे, ८-९.

सर्किटवाला
कॅटेगरी ४ चा राउटर पाठवताना एकच पोर्ट वापरतो, मुख्य लिहिलेला. दुसरा फक्त ऐकतो. अपलोडला मायमो नाही, तिथं फक्त गेन आणि केबल. दोन अँटेनांपैकी जो केळीच्या घडांच्या वर अधिक मोकळा आहे तो मुख्यला लावा. पावसाळ्यात पानं ओली झाली की २३०० वर आणखी दोन-चार डेसिबल जातील, तेव्हा बँड ३ वरच अडकवून ठेवा.

आरएफ_भुसावळ
आणि कनेक्टरवर साधी पीव्हीसी टेप नको. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे तिचा डिंक वितळून खाली येतो आणि पहिल्याच पावसात पाणी आत. स्वतःत चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळा, वरून उन्हाला टिकणारी टेप, आणि केबल घरात शिरण्याआधी खाली एक झोळ सोडा.

चाळीसगाव_लोकल
वाचनखूण साठवली. माझ्याकडे झोळ मात्र राहिला होता, उद्या करतो.